कठडेबाबा

वाटेत विहीर लागली, की कठडेबाबा तिच्यात डोकावल्याशिवाय पुढे जात नसत. घाई असो, ऊन असो, सोबत कुणीही असो. रस्ता सोडून बांधावरून आत जायचे, चपला काढून बाजूला ठेवायचे, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे आणि खालच्या पाण्यावरून सावकाश नजर फिरवायचे. आत काही नसलं की "बरंय" एवढंच पुटपुटायचे आणि पुन्हा रस्त्याला लागायचे. मी लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा त्यांना आमच्याच विहिरीच्या काठावर असं वाकलेलं पाहिलं आणि मला वाटलं, हे जीव देताहेत. हातातली बादली टाकून मी ओरडत धावले. त्यांनी मागे वळून माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "घाबरू नको पोरी. मला पोहता येत नाही, त्यामुळं मी उडी मारत नसतो."

बाबा आमच्या मळ्यात भाड्यानं राहायचे. मी मूळची आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळची. लग्नानंतर जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकच्या शिवारात आले, तेव्हा आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत हे नवरा-बायको आधीपासूनच राहत होते. बायको सरकारी उपकेंद्रात नर्स. सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणायचा. बाबा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. जुन्नर, नारायणगाव, मंचर अशी त्यांच्या मंडळीची मोजकी घरं विखुरलेली होती. रविवारी जुनाट मोटारसायकलवरून ते उपासनेला जायचे, एरवी त्या घरांमधून फिरायचे, आणि जाता-येता भेटेल त्या शेतकऱ्याला एकच गोष्ट सांगायचे, "विहिरीला कठडा बांधा." म्हणून त्यांचं नाव कठडेबाबा पडलं. हे नाव त्यांना आवडायचं. "पदवी आहे ही, गावानं दिलेली," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

आमच्या भागात विहिरी खोल, आणि निम्म्यांना काठच नाही. ऊस वाढला की खड्डा कुठं सुरू होतो तेसुद्धा कळत नाही. मग कुत्री पडतात, उदमांजरं पडतात, कोल्हे पडतात, मोर पडतात. कडेनं चढायला काही नसतं. जनावर गोल गोल पोहत राहतं आणि थकलं की बुडतं. बाबांना हे सहन होत नसे. ते म्हणायचे, "जुन्या शास्त्रात कायदाच आहे. तू खड्डा खणलास आणि उघडा ठेवलास, त्यात कुणाचा बैल पडला, तर जबाबदार तू. बैल आंधळा होता का, हे कुणी विचारत नाही."

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांना हे मुळीच पटायचं नाही. "बैल म्हनलंय ना? मंग कोल्ह्याचं काय आमाला?"

"मालक, कोल्हा कुणाचाच नाही म्हणून तर जास्त जबाबदारी," बाबा म्हणायचे. "बैलाला धनी आहे, तो भांडेल. कोल्ह्याच्या वतीनं कोण भांडणार?"

"तुमी हायेच की," मामा म्हणायचे आणि तंबाखू मळायला लागायचे.

मामांना ते मालक म्हणायचे, कारण खोल्यांचं भाडं मामा घेत. पण त्या शब्दाचा ते नेहमी खेळ करायचे. "तुम्ही माझे मालक, ते बरोबर. पण ह्या जमिनीचे तुम्ही वाटेकरीच. आपण सगळेच वाटेकरी. मालक वर आहे. त्यानं माणसाला बागेत ठेवलं ते काही नुसतं खायला नाही, राखायला ठेवलं."

"सातबारा माझ्या नावावर हाय," मामा म्हणायचे.

"तो खालच्या तलाठ्याचा. मी वरच्या तलाठ्याचं बोलतोय."

असं बरीच वर्षं चाललं. मामा कठडा बांधेनात, तेव्हा बाबांनी एक दिवस बाभळीच्या काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि आमच्या विहिरीभोवती कुंपण घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार चालू करायला गेलेल्या मामांचं धोतर त्यात अडकलं आणि पायात हा भला मोठा काटा घुसला. मामांनी जी काही शिवीगाळ केली ती पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू गेली. सिस्टरांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चिमट्यानं काटा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "अहो, कोल्हे वाचवता वाचवता घरमालक मारू नका." पण मामांनी काटे काढून टाकले नाहीत. फक्त स्वतःला जायला एक वाट ठेवली.

बाबा धर्म वाढवायला आलेत, अशी सुरुवातीला गावात कुजबुज होती. मामांनीच एकदा तोंडावर विचारलं, "बाबा, तुमी आमाला बाटवनार तर न्हाई ना?" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मालक, माझ्याच्यानं तुमच्या विहिरीला कठडा होईना, तुमचा धर्म काय बदलणार?" ही गोष्ट मामांनी पुढं चावडीवर सगळ्यांना सांगितली आणि कुजबुज थांबली.

त्यांच्या स्वतःच्या मंडळीतही बाबांचं सगळ्यांशी जमायचं असं नाही. लोकांना आजारपणासाठी प्रार्थना हवी असायची, पोरांच्या नोकरीसाठी हवी असायची. बाबा तीही करायचे, पण शेवटी गाडी ओढ्यातल्या प्लास्टिकवर आणि फवारणीवर यायचीच. त्यांच्याकडं सुगीनंतर एक सण असतो, घरोघरचं पीक देवापुढं आणून ठेवतात. सिस्टर हसत हसत सांगायच्या, एका भल्या माणसानं लालभडक टोमॅटोचं क्रेट आणलं. बाबांनी प्रार्थनेला हात वर केले आणि मध्येच खाली घेऊन विचारलं, "फवारून किती दिवस झाले?" तो गोंधळला. म्हणाला, "बाबा, हे बाजाराचे आहेत. घरी खायचे वेगळे लावलेत, त्यांना काही मारत नाही." बाबा म्हणाले, "मग देवाला बाजारातले आणलेस आणि घरी चांगले ठेवलेस होय?" तो माणूस रागावून दोन महिने आला नाही. मग आला, घरी खायला लावलेले टोमॅटो पिशवीत घालून.

एका रविवारी ते उपासनेला फार उशिरा पोचले, चिखलानं माखलेले. वाटेत एका विहिरीत कोल्हा सापडला होता. टोपलीला दोर बांधून त्याला वर काढता काढता उन्हं वर आली. मंडळीतले वडीलधारे चिडले होते. बाबा म्हणाले, "विश्रांतीच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढाल की नाही, असं प्रभूनंच विचारलं होतं. मी नुसतं उत्तर देऊन आलो." उत्तर चांगलं होतं, पण त्या दिवशी निम्मे लोक निघून गेले होते.

नंतरची वर्षं मात्र अशी हसण्याची राहिली नाहीत. बिबट्या आमच्याकडं नवा नव्हता. उसात त्याची पिढ्यान् पिढ्या घरं झालेली. पण हळूहळू तो रोजचाच झाला. आधी कुत्री नाहीशी झाली, मग शेळ्या, मग गोठ्यातली वासरं. आम्ही ओट्याला लोखंडी जाळी बसवली. मग खिडक्यांना, मग न्हाणीला. सूर्य कलला की पोरांना आत ओढायचं आणि कडी लावायची. शाळेत सोडायला माणूस, आणायला माणूस. खुरपायला जायचं तर घोळक्यानं, एकीनं नुसतं उभं राहून उसाकडं बघत राहायचं. काही जणींनी मानेभोवती खिळ्यांचे पट्टे बांधले. मी एकदा बांधून बघितला आणि आरशात बघून काढून ठेवला. जाळीच्या आत बसून मी भाजी निवडायचे तेव्हा चारही बाजूंनी ऊस सळसळायचा आणि मला माहेरच्या मोकळ्या अंगणाची आठवण यायची. अर्थात माहेरीही आता जाळी लागली होती.

त्यातच सिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. नुकत्याच त्या सेवानिवृत्त झाल्या होत्या. उजवी बाजू गेली. जिभेला जडपणा आला, पण बोलणं राहिलं. आयुष्यभर गावभर चालत फिरलेली बाई बाजेवर खिळली. बाज खिडकीशी, खिडकीला जाळी, जाळीपलीकडं ऊस. बाबांना आता त्यांना सोडून लांब जाता येईना. रविवारची उपासना सोडली तर ते मळ्यातच असायचे. सिस्टरांचा डोळा लागला की जवळच्या दोन-चार विहिरींत डोकावून धावत परत यायचे. मला म्हणाले, "आता मीही दावणीचा झालो. दोर जेवढा लांब तेवढंच चरायचं."

त्या काळात सुमन नसती तर त्या घराचं काय झालं असतं कोण जाणे. सुमन शेजारच्या वस्तीवरच्या बबनभाऊंची बायको, माझी मैत्रीण. तिची दोन्ही पोरं सिस्टरांच्या हातची. धाकटी पायाळू. त्या रात्री ओढ्याला पूर होता आणि दवाखान्यात नेणं शक्यच नव्हतं. सिस्टर कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं गेल्या होत्या. सुमन ते विसरली नव्हती. रोज सकाळी यायची, सिस्टरांना अंघोळ घालायची, वेणी घालायची आणि तेवढ्या वेळात बाबांना फैलावर घ्यायची. "बाबा, तुमी विहिरीतनं कोल्हे काढताय, पन घरातला केर कोन काढनार?" बाबा मुकाट्यानं झाडू घ्यायचे. जाळीमागच्या त्या दिवसांत सिस्टरांचं खळखळून हसणं मी तेवढ्याच वेळेला ऐकलेलं आहे.

सुमनला बिबट्यानं नेलं ते चांगल्या उजेडात. बांधावर गाईसाठी घास कापायला बसली होती. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही असं म्हणतात. बबनभाऊ हाकेच्या अंतरावर मोटारीपाशी होते. विळा पडलेला होता, घासाचा भारा बांधायचा राहिला होता. गावानं ऊस पिंजून काढला तेव्हा ती सापडली. त्यापुढचं मी सांगणार नाही. रस्ता अडवला गेला, गाड्या आल्या, भाषणं झाली, पिंजरे लागले. सुमनच्या धाकटीला मी घरी आणलं होतं. ती सारखी विचारत होती, आईनं घास कापला का.

बाबा स्मशानात आले होते. सगळ्यांच्या मागं उभे होते. विधी आटोपल्यावर माणसं पांगायला लागली तेव्हा बबनभाऊ सरळ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे कोरडे होते.

"बाबा, एक सांगा. तुमच्या देवानंच बनावला का त्याला बी?"

बाबांच्या तोंडाकडं सगळे बघायला लागले. मला वाटलं, आता ते काहीतरी समजुतीचं बोलतील. ते पाळक होते, अशा वेळी बोलणं हेच त्यांचं काम.

"हो," ते म्हणाले.

बबनभाऊ अजून थोडे थांबले, पुढं काही येईल म्हणून. काहीच आलं नाही. मग ते वळले आणि चालायला लागले. परतताना मी बाबांना विचारलं, "एवढंच का बोललात?" ते म्हणाले, "त्याच्यापुढचं मला माहीत नाही, पोरी. माहीत नसताना बोललो असतो तर ते सुमनच्या जिवावर बोलणं झालं असतं."

त्यानंतर सिस्टरांची अंघोळ-वेणी मी करायला लागले. वेणी झाली की त्या डाव्या हातानं माझा हात धरून ठेवायच्या.

सुमनचं दिवसकार्य झालं, त्यानंतरच्या एका सकाळी मामा मोटार चालू करायला गेले आणि तसेच मागं धावत आले. बिबट्या आमच्या विहिरीत पडला होता. बाभळीचं कुंपण पावसात कुजून केव्हाच गेलं होतं आणि सिस्टर आजारी पडल्यापासून बाबांनी नवीन घातलं नव्हतं. मादी होती. पाणी खोल, चारही बाजू दगडी. ती मोटारीच्या पाइपाला पंजा घालून लटकायची, पाइप निसटला की पुन्हा पोहायची. वर बघून गुरकावायची, पण त्या गुरकावण्यात आता दम उरला नव्हता.

बघता बघता गाव जमला. कुणीतरी वनखात्याला फोन केला. त्यांची गाडी दुसऱ्या गावाला गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. "येऊ द्या निवांत," एक जण म्हणाला आणि लोक हसले. मी हसले नाही, पण मनातून मलाही तेच वाटत होतं. बुडू दे. सुमनला कुणी दोर टाकला होता? पोरांनी दगड गोळा करायला सुरुवात केली होती.

बाबा गर्दीतून पुढं आले, चपला काढल्या आणि वाकून बघितलं. मग वळून म्हणाले, "एक बाज हवी. तरंगत सोडली तर ती वर बसेल. नाहीतर गाडी येईपर्यंत बुडेल." कुणी हललं नाही. त्यांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं. माणसं दुसरीकडं बघायला लागली. बाबा मग घराकडं चालायला लागले. त्यांना एकट्याला काय सुचणार म्हणून मी मागं गेले.

सिस्टर जाग्याच होत्या. खिडकीतून त्यांना सगळा गलका ऐकू आला होता. बाबा दारात उभे राहिले. त्यांना विचारवेना. सिस्टरांनीच विचारलं, "काय पडलंय?"

"बिबट्या. मादी आहे."

सिस्टरांनी डाव्या हातानं बाजेची कड चाचपली. मग म्हणाल्या, "माझी बाज न्या."

"अगं, तू?"

"मला खाली ठेवा. मी जमिनीवर काही बुडत नाही."

मी तिथंच उभी होते. मला म्हणावंसं वाटत होतं की सुमननं ह्याच बाजेवर बसून तुमची वेणी घातलीय. सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना ते न बोलताही कळलं. "तिची आठवण मला तुझ्याइतकीच येते गं," त्या म्हणाल्या. "उचल मला." मी गोधडी अंथरली. बाबांनी खांद्याखाली हात घातले, मी पायांकडून धरलं. त्यांना आम्ही जमिनीवर निजवलं. लाकडी बाज आम्ही दोघांनी दारातून तिरकी करून बाहेर काढली. का उचलली मी ती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ते दोघं म्हातारे होते आणि बाज जड होती.

आता दोर हवा होता. मामा विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते. बाबांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. मामा खेकसले, "माझ्याकडं काय बघताय? पानी पितो आमी हितलं. मेलेलं जनावर नको माझ्या विहिरीत." आणि गोठ्यातून दोराचं भेंडोळं आणून त्यांनी बाबांच्या पायाशी टाकलं. नंतर स्वतःच बाजेच्या चारही कोपऱ्यांना गाठी मारल्या.

बाज खाली गेली. मादी आधी घाबरून लांब पोहत गेली. मग एक पंजा टाकला, मग दुसरा, आणि कशीबशी अंग ओढून वर चढली. बाज निम्मी पाण्यात गेली, पण तरंगत राहिली. तेवढ्यात गर्दी दुभंगली. बबनभाऊ आले होते. हातात दगड होता, दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा.

"बाबा, सरका."

बाबा काठावर पाय रोवून, दोर धरून उभे होते. "बबन, मला सरकता येत नाही रे."

"माझी बायको खाल्ली तिनं."

"हीच होती का, ते मला माहीत नाही."

"आन् असंल तर?"

"तेही माहीत नाही." बाबांनी दोर मुठीत आणखी आवळला. "मी दोन्हीकडून अडकलोय, बबन. सरकलो तरी तुझ्या दारात यायला मला तोंड नाही, न सरकलो तरी नाही. तुला टाकायचा तर टाक. पण मी दोर सोडणार नाही."

बबनभाऊंनी दगड टाकला. तो बाजेच्या कडेला घासून पाण्यात गेला. पाणी वर उसळलं. मादी बाजेवर चपटी झाली, कान मागं टाकून तिनं वर पाहिलं. बबनभाऊ तिच्याकडं बघत राहिले. कितीतरी वेळ. दुसरा दगड कुणीतरी त्यांच्या हातात द्यायला गेलं, तो त्यांनी घेतला नाही. ते खाली बसले आणि सुमन गेल्यापासून पहिल्यांदा रडले. बाबांना त्यांच्याजवळ जाता येईना, कारण हातात दोर होता. मामांनी तो दोर स्वतःकडं घ्यायला हात पुढं केला, तोवर बबनभाऊ उठून निघून गेले होते.

दुपारी वनखात्याची गाडी आली. पिंजरा खाली सोडून माणसांनी तिला शिताफीनं वर काढलं. टाळ्या वाजल्या नाहीत. गावानं एकच मागणी केली, हिला पुन्हा आमच्या शिवारात सोडायचं नाही. ती मान्य झाली. बाबांना त्या वेळी त्याचा अर्थ लक्षात आला नव्हता. काही दिवसांनी त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की ती आता कायमची गजाआड राहणार. त्या संध्याकाळी मी सिस्टरांना भाकरी घेऊन गेले तेव्हा बाबा पायरीवर बसले होते.

"मी तिला विहिरीतून काढली आणि पिंजऱ्यात घातली," ते म्हणाले. "हे काही राखणं झालं नाही."

आतून सिस्टरांचा जडावलेला आवाज आला. "जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग रोज तिच्यासाठी प्रार्थना करा. माझ्यासाठी करता ना? मी तरी कुठं बाहेर आहे?"

बाबा आत गेले. मामांनी पाठवलेल्या लोखंडी खाटेवर सिस्टर पडल्या होत्या. दोघांनी डोळे मिटले. बाबांनी आधी सुमनचं नाव घेतलं, मग तिच्या पोरांचं, मग बबनभाऊंचं, आणि शेवटी, नाव नव्हतं म्हणून, "ती" एवढंच म्हणाले.

त्यानंतर गाव बाबांशी तुटक झाला. वाईट कुणी वागलं नाही, पण चावडीवर ते आले की बोलणं थांबायचं. मंडळीतही एका घरानं येणं सोडलं. माणूस गेलेलं असताना पाळक जनावरासाठी उभा राहतो, हे त्यांना सहन झालं नाही. बाबांनी कुणाला काही समजावलं नाही. मामांनी मात्र त्या उन्हाळ्यात विहिरीला छातीएवढा कठडा बांधून घेतला. कशासाठी, ते विचारलं तर म्हणाले, "धोतर फाटतंय दरसाल." बाबा बबनभाऊंच्या दारात रोज सकाळी जायचे, बाहेर थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. दार कधी उघडलं नाही. पण हाकलूनही कधी दिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. त्यांची लग्न झालेली मुलगी चिंचवडहून आली. एकट्या बापाला उसात, बिबट्यांत कसं ठेवणार, असं म्हणाली, आणि तिचं काही चुकत नव्हतं. बाबांनी विरोध केला नाही. टेम्पोत सामान फारसं नव्हतंच. मामा गाडी सुटेपर्यंत नुसतं "पावसात कागद घाला वरनं" म्हणत राहिले.

बाबांना भेटायला मी चिंचवडला एकदाच गेले. ती आमची शेवटची भेट, पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. जायच्या दिवशी सकाळी गावातल्या थांब्यावर एसटीची वाट बघत उभी होते. बबनभाऊ दूध घालून परतत होते. कुठं निघाली म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दुधाची किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"त्यांना सांगा..." ते म्हणाले आणि थांबले. एसटी वळणावर दिसायला लागली होती. "ऱ्हाऊ द्या. काय नका सांगू."

बाबांचा फ्लॅट फार वरच्या मजल्यावर होता. कबुतरांसाठी बाल्कनीला नायलॉनची जाळी. समोर दुसरी इमारत, तिच्या बाल्कन्यांनाही जाळ्या. गुडघे गेल्यामुळं त्यांचं खाली उतरणं बंद झालं होतं. मुलगी-जावई कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे, कारण एकदा त्यांच्याकडून गॅस सुरू राहिला होता. त्यांनी मला हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. "काळजीनंच लावतात," म्हणाले. "पण पोरी, इथं राखायला काही नाही. दिवसभर मी काय करू तेच कळत नाही. देवानं मला आता कशासाठी ठेवलंय, ते विचारतो रोज." त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते. इतकी वर्षं मी त्यांना पाहिलं, पण ते हात असे मोकळे कधी पाहिले नव्हते.

मी गावाकडचं सगळं सांगितलं. ऊस, पाऊस, मामांचा खोकला. ते ऐकत होते, पण त्यांना वेगळंच विचारायचं होतं. शेवटी विचारलं, "बबन कसा आहे?"

"बरे आहेत. धाकटी आता शाळेत पहिली येते."

"माझं नाव काढतो का?"

मला खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. मग जे झालं तेच सांगितलं. "सकाळी थांब्यावर भेटले. मी तुमच्याकडं निघालेय असं सांगितलं, तर म्हणाले, त्यांना सांगा. मग म्हणाले, राहू द्या, काही नका सांगू."

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"आधी काय म्हणाला? पुन्हा सांग."

"त्यांना सांगा."

"असंच म्हणाला?"

"असंच."

ते बाल्कनीच्या जाळीकडं बघत राहिले. खाली कुठंतरी भाजीवाला ओरडत होता. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडं वळले. डोळे वाहत होते, पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"म्हणजे काहीतरी सांगायचं होतं त्याला," ते म्हणाले.